रागाच्या भरात

थेरगावात डांगे चौकाजवळ ती पालेभाजी विकते. मी तिला नुसतं मावशी म्हणते. नाव कधी विचारलं नाही. जुड्यांवर पाणी शिंपडत बसते, गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नाही. तिच्या लेकीला जावयाने भिंतीवर डोकं आपटून ठार मारलं, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

परवा निकाल लागला. मी विचारलं, तर म्हणाली, "सात वर्षं. रागाच्या भरात झालं म्हणं, म्हणून खून धरला न्हाई."

शेजारी मेथी घेणारे एक गृहस्थ म्हणाले, "होतं मावशी. रागात माणसाला भान राहत नाही."

तिने मान वर केली. "चाकणला कंपनीत सुपरवायझर जावयाला रोज चारचौघांत शिव्या घालायचा. त्याच्यावर कधी हात न्हाई उचलला. तिथं बरं भान राहत व्हतं."

मग तिने त्यांच्या पिशवीतली जुडी काढून घेतली. "तुमाला न्हाई द्यायची."

ते माझ्याकडे बघून हसले, मीही हसेन म्हणून. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली. कुणाला मारलं तर चालतं आणि कुणाला नाही, हे जावयाला पक्कं ठाऊक होतं. निकालाने ते आता सगळ्यांनाच सांगून टाकलं.