उंटाच्या घरातला वजीर

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत गिरगावातल्या आमच्या चाळीच्या वाचनालयात एकच दैनिक येई, आणि ते आधी अध्यक्षांच्या हाती पडे. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. अग्रलेख वाचताना ते अशी मान डोलावत, की जणू मसुदा त्यांच्याकडेच मंजुरीला आला होता. त्यांचं वाचून होईपर्यंत माझी कचेरीची वेळ होई. मुंबई कोणाची, हे मला रोज संध्याकाळी शिळं कळे.

हा पहिल्या वाचनाचा मान दरवर्षी बुद्धिबळात जिंकावा लागे. अध्यक्ष सहा वर्षं जिंकत होते. सातव्या वर्षी अंतिम सामन्यात पांढरी घेऊन मी समोर बसलो.

मी वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. अध्यक्ष प्रेक्षकांकडे वळले. "मुंबई सोडून हे बेळगावातून सुरुवात करतायत." लोक हसले. त्यांनी आपलं प्यादं दोन घरं चालवून थेट पटाच्या मध्यावर ठेवलं आणि सभा जिंकल्यासारखे मागे टेकले.

दोन तासांत दोघांचेही वजीर मेले. माझं बेळगावचं प्यादं मात्र एकेक घर करत शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी आलं होतं. अध्यक्षांचा हत्ती ते घर राखून होता. अध्यक्ष खेळ शिकले वडिलांकडून, जुन्या रिवाजाने: प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचंच मोहरं होतं. हे मला ठाऊक होतं, आणि माझ्या प्याद्यापुढचं घर उंटाचं होतं. मी माझा घोडा त्या हत्तीच्या तोंडी दिला आणि चूक झाल्यासारखा कपाळाला हात लावला.

उंटाला कोण भितो? हत्तीने घोडा खाल्ला. मी प्यादं पुढे सरकवून म्हटलं, "वजीर."

"उंटाच्या घरात उंटच. माणूस ज्या खुर्चीपाशी पोचतो तीच त्याला मिळते."

"जुन्या रिवाजात प्यादं एकच घर चालतं, अध्यक्षसाहेब. तुमचं पहिलंच दोन घरं गेलं."

पंच म्हणून बसलेल्या शाळामास्तरांनी भिंतीवरचा नियमांचा कागद वाचून दाखवला. सामने आंतरराष्ट्रीय नियमांनी; शेवटच्या घरात प्याद्याचं हवं ते मोहरं. खाली अध्यक्षांची सही, चांगली तीन मजली. चार खेळ्यांत मात झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दैनिक उघडलं. अध्यक्ष समोरच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसले होते. मी जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत. शेवटी त्यांना राहवेना.

"मुंबईचं काय म्हणतायत?"

"संध्याकाळी कळेल," मी म्हटलं.

त्या दिवशी कचेरीत मला लेटमार्क पडला. घरी सांगितला नाही.