काकूंच्या नावाचं कद्दिश

मुंबईहून आमच्या समाजातली तरुण मंडळी दर वर्षी, जिथे आपली माणसं थोडी आहेत अशा गावी, आठवडाभर येऊन राहतात. सकाळी सेवा, दुपारी गाणं-नाटक, आणि रोज एकानं बाकीच्यांचं पुढारीपण करायचं, असा त्यांचा कार्यक्रम. गेल्या वर्षी त्यांनी भोपाळ निवडलं. इथे आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, चारच घरं, चारही कारखान्याच्या नोकरीपायी इथल्या पिपलानी वसाहतीत आलेली. व्यवस्था अर्थातच माझ्या गळ्यात पडली. निवृत्त माणूस सगळ्यांना रिकामाच दिसतो.

फोनवर मी विचारलं, "किती जण येताय?"

"बारा."

फोन ठेवला आणि तडक शेजारच्या काकांकडे गेलो. काका त्र्याऐंशी वर्षांचे. काकू गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. गेलेल्या माणसासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची तर आमच्यात दहा पुरुष लागतात, आणि चार घरांत मिळून आम्ही सहा. दफनालाही सहाच होतो. त्यामुळे काकूंच्या नावानं कद्दिश एकदाही झालं नव्हतं, आणि तेव्हापासून काका कुणाशी धड बोलत नव्हते.

"वर्षाच्या दिवशी होणार," मी सांगून टाकलं. "बारा जण येताहेत."

काकांनी त्याच दिवशी प्रार्थनेची पांढरी टोपी धुऊन वाळत घातली.

स्टेशनावर उतरल्या नऊ मुली आणि तीन मुलगे. आमच्या वेळी असल्या शिबिरांना मुलगेच जायचे, म्हणून विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चूक सर्वस्वी माझी, पण राग मात्र मला त्या पोरींचा आला. सहा आणि तीन नऊ. इंदूरच्या एका नातेवाइकाला फोन केला, तर तो तापानं फणफणलेला.

आठवडाभर त्यांनी अंगणवाडीच्या भिंती रंगवल्या. चांगल्या रंगवल्या, हे मान्य करतो. वर्षाच्या दिवशी पुढारी असलेली ठाण्याची मुलगी काकांसमोर जाऊन म्हणाली, "आजोबा, आमच्या शिबिरात दहांत मुलींनाही धरतात. आम्ही उभ्या राहू का?"

"इथे नाही चालत, बेटा," काका म्हणाले. एवढंच. ती वाद न घालता मागे सरली.

संध्याकाळी काकांच्या घरी मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन आम्ही प्रार्थना म्हटली. काका खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मुलींनी मुंबईत एका म्हाताऱ्या बाईकडून आमच्या मराठी कीर्तनातलं एक पद शिकून घेतलं होतं, ते त्या म्हणू लागल्या. काकू हेच पद आमच्या चारही घरांत म्हणायच्या. मुलींना हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

"थांबा," काका वळून म्हणाले. "तिसऱ्या ओळीआधी ती श्वास घ्यायची. तुम्ही पळताय."

त्यांनी पुन्हा म्हटलं. काकांनी मांडीवर ताल धरला. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. मलाही बघवेना.

पद संपल्यावर ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "सगळे उभे राहा."

"काका, नऊच आहोत," मी हळूच म्हणालो.

"आपल्यात माणसं मोजायची नसतात. दावीद राजानं मोजली आणि देशात रोगराई आली." ते माझ्याकडे बघत राहिले. "आपण दोघं वर्षभर मोजतच बसलोय. पुरे झालं."

आणि त्यांनी कद्दिश म्हटलं. आवाज कापत होता, पण एकही शब्द चुकला नाही. आमेन म्हणायच्या जागी सगळ्यांत मोठा आवाज मुलींचा होता. धर्माला हे चालतं का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारायलाही गेलो नाही. पहिलं आमेन माझ्याकडून राहिलंच. मी दाराकडे बघत होतो, अजूनही कुणी येतो का म्हणून.