पश्चिमेच्या बाकावरची अर्लिस

नोव्हेंबरातली फुटबॉलची शेवटची मॅच आम्ही रीतसर हरलो आणि सोमवारी सकाळी मैदानाचा पश्चिमेचा स्टँड पाडायला यंत्रं आली. कॉलेजला घाई होती. पुढच्या हंगामाला काचेच्या खोल्या, गादीच्या खुर्च्या, सगळं तयार हवं. पोरं हरतात ती बाक कडक आहेत म्हणून, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं असावं. मी कामाच्या फाटकावर होतो. मालाचे ट्रक आत सोडायचे आणि रिकामटेकड्यांना बाहेर ठेवायचं.

रिकामटेकडे डिसेंबरातच गळाले. नेब्रास्काची थंडी कुणाचे लाड करत नाही. उरली एकटी अर्लिस व्होपॅट. सत्तरी ओलांडलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली. नवरा मर्ल जाऊन काही वर्षं झालेली. रोज सकाळी येऊन कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राहायची.

"अर्लिसबाई, काम बघायला येता की मला?" मी विचारायचो.

"तुला बघायला यावं एवढे वाईट दिवस नाही आलेत अजून."

जानेवारीत ओतलेल्या काँक्रीटवर गोधड्या घालून खालून गरम हवा सोडली, नाहीतर ते गोठून फुटतं. अर्लिस ते बराच वेळ बघत राहिली. "सिमेंटची सुद्धा किती काळजी घेतात बघ," ती म्हणाली. ती हसली नाही, म्हणून मीही हसलो नाही. तिला माझ्या खुराड्यात हीटरपाशी बसवलं, तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं.

लग्न झाल्यापासून ती आणि मर्ल त्या पाडलेल्या स्टँडमध्ये एकाच बाकावर बसायची. मागच्या बाकावर गॉर्डी आणि फर्न. भेट हंगामातल्या शनिवारीच, पण तेवढ्यात गॉर्डीचा गुडघा, फर्नच्या मुलीचा घटस्फोट, मर्लचं आजारपण, सगळं एकमेकांना ठाऊक. मर्ल गेल्यावरही अर्लिसने दोन्ही जागा ठेवल्या. रिकाम्या जागेवर कुणी टेकायला लागलं की गॉर्डी मागून खेकसायचा, "ए, तिथे माणूस आहे!" मध्यंतरात थर्मासमधली पहिली कॉफी तो हिच्याच हातात द्यायचा.

"वर्षात तेवढेच दिवस माझ्याशी कुणी भांडतं रे," अर्लिस म्हणाली.

आता नव्या स्टँडमध्ये जागा नव्याने वाटणार होत्या. फेब्रुवारी संपायच्या आत निवडायच्या, आणि शेजार हवा असेल तर दोन्ही घरांनी मिळून मागायचा. आणि अर्लिसला गॉर्डीचं आडनाव ठाऊक नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. "इतक्या वर्षांत?"

"चर्चमध्ये तुझ्या मागे बसतो त्याचं आडनाव काय?"

आमच्याकडे बाक हाच पत्ता. शेवटच्या मॅचलाही सगळे सवयीने "चला, सप्टेंबरात भेटू" म्हणत उठले. बाकच राहणार नाही हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही.

तिकिटांच्या ऑफिसात ती जाऊन आली होती. बाकाच्या नंबरावरून कुणाची माहिती देत नाही, आडनाव सांगा, निरोप देते, असं तिथली मुलगी म्हणाली. "डावा गुडघा बदललाय त्याचा," अर्लिसने सांगून पाहिलं. त्याने भागलं नाही. म्हणून ही रोज कुंपणाशी. "गॉर्डीला नाक खुपसल्याशिवाय करमत नाही. येईलच तो," ती म्हणायची.

तो काही आला नाही.

फेब्रुवारीत सांगाड्याची शेवटची तुळई आली. ती वर चढवण्याआधी पांढरा रंग देऊन खाली ठेवतात आणि गाव येऊन तिच्यावर नावं लिहितं. मग तिला पाइनचं छोटं झाड बांधायचं आणि क्रेनने वर न्यायचं. गाव लोटलं होतं. अर्लिस शाळेत करायची तसे दालचिनीचे रोल घेऊन आली होती, गॉर्डी, फर्न आणि मलाही पुरून उरतील एवढे.

मार्कर घेऊन वाकलेली फर्न तिला दिसली. आजवर मान वळवूनच पाहिलेली बाई. उभी राहिली तर केवढीशी निघाली.

"फर्न! अगं, कुठे होतात? गॉर्डी गाडी लावतोय का?"

फर्नने मार्करला टोपण लावलं. "गेला गं तो. ख्रिसमसनंतर लगेच. गाडीवरचं बर्फ खरवडत होता, तिथेच."

अर्लिसच्या हातातला डबा मी घेतला. पडला असता.

"मला कुणी कळवलं नाही," ती एवढंच म्हणाली.

"कुठे कळवणार? अंत्यविधीला चर्चमध्ये तुझ्यासाठी जागा धरली होती मी, कोट टाकून. म्हटलं, पेपरात वाचून येईल. मग आठवलं, तुला तरी आमचं आडनाव कुठे ठाऊक!" फर्नने नाक पुसलं. "ख्रिसमसच्या आधी तिकिटांच्या ऑफिसात जाऊन आला होता तो. 'आमच्या पुढची अर्लिस कुठे बसणार ते सांगा, आम्हाला तिच्या मागेच द्या' म्हणाला. त्या पोरीने आडनाव विचारलं. घरी येऊन दिवसभर स्वतःलाच शिव्या देत होता."

मला त्या दोघींकडे बघवेना. फर्न मार्चमध्ये मुलीकडे ॲरिझोनाला चालली होती, कायमची.

"व्होपॅट," अर्लिस म्हणाली. "अर्लिस व्होपॅट."

"फर्न हॅस्केल."

दोघींनी हातमोजे काढून हात मिळवले.

महिनाअखेरीला अर्लिस जागा निवडून आली. एकच घेतली, सगळ्यात वरच्या रांगेत.

"तिथे वारा बोचतो, आणि खेळ मुंगीएवढा दिसतो," मी म्हणालो. "खालच्या एवढ्या जागा पडल्यात."

"त्या जागेच्या मागे भिंत आहे," अर्लिस म्हणाली. "मागे आता कुणी नको."