हाराविना फोटो

समुद्राकाठच्या मुरबे गावात आम्ही भाड्यानं राहतो त्या घरात भिंतीवर नातवंडांचे फोटो आहेत. त्यांच्याच ओळीत नौदलाच्या गणवेशातला एक तरुण. फोटोला हार नव्हता, म्हणून पहिल्याच महिन्यात मी घरमालकीणबाईंना विचारलं, "मावशी, हा नातू कुठं असतो?"

"नातू नाय, भाऊ हाय. माज्याहून मोठा."

मावशी सत्तरीच्या पुढच्या. मी परभणीकडची, शाळा सातवीत सुटलेली, बोईसरला कारखान्यात पॅकिंगला. काही चुकलं की खोली जाईल असं वाटायचं. मावशींनी मात्र त्या दिवशीही कालवण दिलं.

पुढे मावशींकडूनच कळलं, तो जहाजावरून विमान उडवायचा. एकाहत्तरच्या युद्धात त्या दिवशीची त्याची फेरी झाली होती, पण सोबत्याला ताप होता म्हणून त्याच्या जागी हा पुन्हा गेला. विमान समुद्रात पडलं. तो सापडला नाही. त्याच्या आईनं शेवटपर्यंत फोटोला हार घालू दिला नाही. जाताना तिनं मावशींकडूनही तसाच शब्द घेतला.

यंदा गावच्या शाळेत त्याचा फोटो लावायचं ठरलं. मावशींचा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा, मासेमारीच्या होडीवर जातो, तो सांगायला आला.

"आत्या, नौदलाचा साहेब येनार हाय. हार घालनार."

"फोटो ने. हार नाय."

"मग साहेबानं काय करायचं?"

"तुज्या गळ्यात घालंल. शोभंल तुला."

भाचा हसला, पण हटला नाही. मग मावशींनी मला विचारलं, "तुमच्याकडं काय करतात गं?"

खोटं बोलवेना. "आमच्याकडं तेरावं झालं की हार घालतात, मावशी."

"तुमच्याकडं दर्या नाय," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या की काय, मला कळलं नाही.

कार्यक्रमाला मी रजा टाकून गेले. त्याचं नाव पुकारून झालं, साहेब हार घेऊन पुढे आले. मावशी उठल्या आणि दोन्ही हात पुढे केले. साहेबांनी क्षणभर पाहिलं, हार मावशींच्या हातात दिला. त्यांनी तो भाच्याला दिला.

"होडीला बांध. तो हाय तिकडं तूच जातोस."

साहेबांनी मोकळ्या फोटोला सलाम केला. भरती लागली होती, होड्या निघायची वेळ झाली होती. भाच्यानं चपला तिथंच सोडल्या आणि हार घेऊन बंदराकडे निघाला.