वरपित्याचं सोंग

"तुमचा तो म्हातारा काय झकास होता हो!" असं कुणी म्हटलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. शाळेतून निवृत्त होऊनही मला आता बरीच वर्षं झाली, पण रत्नागिरीच्या बाजारात भाजी निवडताना एखादी बाई हटकून थांबवते आणि नेमकं हेच बोलते. झकास! मी झकास व्हायला गेले नव्हते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत शिकवत होते, माझं लग्न जमत नव्हतं आणि माझ्या मागोमाग धाकट्या बहिणीलाही 'दाखवायला' सुरुवात झाली होती. माणसं यायची, शिरा खायची, तिला वरून खाली न्याहाळायची आणि "कळवतो" म्हणून निघून जायची. कळवत कुणी नसे. ती आत येऊन मुकाट्याने साडी बदलायची. संताप व्हायचा तो माझा. म्हणून आमच्या आळीच्या गणेशोत्सवात मी एकपात्री करायचं ठरवलं. बाबांचा काळा कोट, काळी टोपी, काजळाने काढलेल्या मिशा, आणि मुलगी बघायला आलेला वरपिता. बाई मिशा लावणार म्हटल्यावर कमिटीतल्या दोघांनी नाकं मुरडली, तेव्हा तर मला आणखीच चेव आला.

माझा म्हातारा हापूसची पेटी घ्यायला आल्यासारखी मुलगी बघायचा. आधी देठाशी वास घ्यायचा. मग म्हणायचा, "डाग नाय ना खंय? वरून पिवळीधमक आणि कापल्यावर आत पांढरा साका निघाला, तर परत घेणार काय?" मग खुर्चीत रेलून, "चाल बघूया जरा. अशी नको, परत चाल." आणि शेवटी मुलीच्या बापाला, "वरचा थर सगळेच चांगला लावतात हो. खालचा थर दाखवा!"

मांडव कोसळायचा तेवढा बाकी राहिला. ज्यांनी माना खाली घालाव्यात म्हणून मी एवढा घसा फोडत होते, ती माणसं पहिल्या रांगेत बसून मांड्यांवर थापा मारत होती. प्रत्येकाला तो म्हातारा शेजाऱ्यासारखा वाटत होता, स्वतःसारखा एकालाही नाही. बहीण मागे खांबाला टेकून उभी होती. तीही हसली, आणि तेवढ्यावर मी खूश झाले.

तुळशीचं लग्न झालं आणि पावसच्या एका बागायतदारांच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा अलोऱ्याला वीज प्रकल्पाच्या कॉलनीत राहून नोकरी करत होता. त्याचा फोटो बघून बहीण मला म्हणाली, "हा बरा वाटतो गो." आजवर कुठल्याही फोटोबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी तिने स्वतः अबोलीचा गजरा मागून घेतला.

मी शिऱ्याच्या बशा घेऊन बाहेर आले, तर वरपिता मला बघून उठलेच. "अगो, तूच ना ती? गणपतीत मुद्दाम थांबलो होतो बघायला. हसून हसून पोट दुखलं!" मग बाबांकडे वळून म्हणाले, "वरचा थर आम्ही स्टेजवर बघितलाय. आता खालचा थर दाखवा."

सगळे हसले. त्यांची बायको हसली, मुलगा हसला, आमचे बाबासुद्धा हसले. आतल्या दाराशी बहीण चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

मी सोंगबिंग काही आणलं नाही. माझ्या स्वतःच्या आवाजात, शाळेत पोरांना दरडावते तशी, म्हणाले, "काका, आधी तुम्ही उठा आणि चालून दाखवा." आता हे घर डोक्यावर घेणार, स्थळ मोडणार, असं मला वाटलं. मोडलं तर मोडू दे, इतकी मी भडकले होते.

त्यांनी टाळी वाजवली. "हां! अगदी तोच आवाज!" आणि खरोखरच उठले. कमरेवर हात ठेवून दारापर्यंत ठुमकत गेले, वळले, परत आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसता बसता ते म्हणाले, "झालं? मी चाललो. आता मुलीची पाळी. चल गो बाय, लाजायचं नाय."

गमतीला नाही कसं म्हणायचं? म्हणणारा तुसडा ठरतो. बहिणीने ट्रे खाली ठेवला आणि ती भिंतीपासून खिडकीपर्यंत चालली, तिथून परत आली.

मंडळी गेल्यावर बाबा म्हणाले, "किती मोकळी माणसं!" मी तणतणत आत गेले. असल्यांना कशाची म्हणून लाज नाही, पुढच्या गणपतीत याच्या दुप्पट झोडते, असं काहीबाही बडबडत होते. बहीण गजरा सोडवत होती.

"नको करूस, ताई," ती म्हणाली. "आधी चाल म्हणायची बघायला येणाऱ्यांना लाज वाटायची. नुसते बघायचे. आता हसत हसत म्हणतात, आणि मला रागवायचीसुद्धा सोय नाही." मग गजरा खिडकीत ठेवून म्हणाली, "बाबांना नाही कळवायला सांग. तोपण हसला गो."