शेजारच्या पायाखालचा ब्रेक

कंपनीच्या मैदानात माझी मुलगी मनीषा ट्रक शिकत होती आणि मी कुंपणाबाहेरून पाहत होतो. तिने ब्रेक दाबण्याआधीच ट्रक थांबला. शिकाऊ ट्रकला दुसरा ब्रेक असतो, शेजारी बसलेल्या मास्तरच्या पायाखाली.

इथे शिकवणं फुकट, पण पुढची तीन वर्षं कंपनीचीच गाडी चालवायची. तोवर मूळ लायसन्स त्यांच्या कपाटात. मी ट्रक चालवायचो तेव्हा माझंही एका मालकाने असंच ठेवलं होतं. माझी आई वारली तेव्हाही त्याने मला सोडलं नाही. पुढे मी स्वतःचं टायरचं दुकान उभं केलं, पण तो राग काही गेला नाही.

मनीषा पाणी प्यायला कुंपणाशी आली.

"फी मी भरतो. बाहेरच्या स्कूलमध्ये शीक."

"आणि शिकल्यावर गाडी कोण देणार, बाबा? बाईला बाहेर कुणी दारात उभं करत नाही."

"मग तीनाचं एक वर्ष करून घेतो."

"हे टायर नाहीत, बाबा. सही मी सकाळीच केलीय."

आयुष्यात मी कुणाचा पहिला भाव मान्य केला नाही. आज घासाघीस करायला समोर माणूसच नव्हता, सही झालेला कागद होता.

ती पुन्हा चढली. ट्रक वळून थेट कुंपणाकडे आला. माझा उजवा पाय आपोआप मातीत दाबला गेला. ट्रक थांबला, पण माझ्यामुळे नाही.