लेम्पीची बंदूक आणि बाबांची खाट

माझी बायको लेम्पी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. सगळी शाळा तिला टरकून असते, मुख्याध्यापकांसकट. घरी मी एकटाच, त्यामुळे तो सगळा दरारा माझ्याच वाट्याला येतो.

माझे सासरे एइनो त्या वसंतात गेले. जंगलातलं शिकारीचं खोपटं, म्हणजे आमचा कॅम्प, त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं, आणि तिथली शेगडीजवळची खालची खाट त्यांची. हरणांचा मोसम जवळ आला तसा आमच्या घरी कॉफीवर विषय निघाला, की आता ती खाट कुणाची?

"माझी," लेम्पी म्हणाली.

तिच्या थोरल्या भावाला, उर्होला, ठसका लागला. बाबांच्या मागे कॅम्पचा कारभारी तोच. "अगं, बायका कॅम्पवर येत नाहीत."

"आजवर आल्या नाहीत म्हण."

"आणि सौना? वाफेच्या अंघोळीची खोली एकच आहे."

"मी पहिली जाईन, चांगली तापलेली असताना. उरलेली ऊब तुम्ही घ्या."

"तुझ्याकडे बंदूक तरी आहे का?"

इथं उर्हो फसला. बाबांची बंदूक त्यानं स्वतःकडे ठेवली होती आणि लेम्पी ते विसरली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिनं हार्डवेअरच्या दुकानातून इंग्रजांच्या फौजेतली जुनी रायफल आणली. तिथं त्या पिंपात उभ्या असायच्या, झाडूंसारख्या. लाकूड पार नळीच्या टोकापर्यंत, आणि वजन असं की ती नुसती डोक्यात घातली तरी हरीण मेलं असतं.

मग आमचं जेवणाचं टेबल गेलं. मी ताट मांडीवर घेऊन जेवू लागलो. लेम्पीनं पुढचं लाकूड करवतीनं कापलं, संगिनीची खुंटी काढली, दस्ता आपल्या खांद्याच्या मापानं आखूड केला, आणि सगळ्याला जवसाचं तेल चोळचोळ चोळलं. घरातल्या पावालाही तो वास लागला. तक्रार केली तर म्हणाली, "मग नको खाऊस." मी खाल्ला.

खडीच्या खाणीत पहिल्यांदा बार काढले तर गोळ्या निशाणाच्या पुठ्ठ्याच्या वरून गेल्या. फौजेची बंदूक ती. शिपायाला लांबचा माणूस दिसतो, आम्हाला झुडपाआडचं हरीण. नेम धरायची तिची जवळात जवळच्या अंतराची खाचसुद्धा आमच्या कामाला फार लांबची होती.

"गोळी वर जाते ना? मग नळीच्या टोकावरचं नेमाचं पातं खाली आण," उर्हो म्हणाला. हा माणूस कुठंही जाताना खिशात कानस बाळगतो. लेम्पी 'थांब' म्हणेपर्यंत त्यानं चांगले सात-आठ हात मारलेसुद्धा. पुढचा बार खाणीच्या कडेवरच्या बर्च झाडाला लागला.

पातं खुजं झालं की नेम जुळवायला नळी आणखी उचलावी लागते, आणि गोळी आणखीच वर जाते. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. घासलेलं पोलाद काही परत चिकटत नाही. "राहू दे यंदा," तो पुटपुटला.

"दादागिरी झाली असेल तर बाजूला हो," लेम्पी म्हणाली.

तिनं बाबांच्या गॅलिसचं पितळी बक्कल शोधून काढलं, त्याचा तुकडा कापला आणि त्या थोट्या पात्यावर डाख देऊन उभा केला. मुद्दाम उंच ठेवला. आता गोळ्या जमिनीत शिरू लागल्या. मग एक बार, कानशीचा एक हात, पुन्हा एक बार. संध्याकाळपर्यंत कॉफीच्या डब्याचं झाकण मधोमध चाळणी झालं होतं. उर्होनं ते झाकण उलटसुलट करून पाहिलं आणि सौनाचा विषय पुन्हा काढला नाही.

आमच्या कॅम्पचा एक रिवाज आहे. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापून भिंतीवर खिळ्याला ठोकतात. त्या भिंतीवर निम्मं कापड माझं आहे. म्हणून तर मी स्वयंपाकी. पाहुण्याचा शर्ट मात्र कापत नाहीत.

मोसमाच्या पहिल्याच सकाळी लेम्पी बाबांच्या जुन्या ओंडक्यावर जाऊन बसली. बार ऐकला आणि मी कांदा चिरायला घेतला, हरणाचं काळीज तळायचं म्हणून. ती रिकाम्या हातांनी परतली.

"मोठा नर होता," ती म्हणाली. "समोर आडवा उभा राहिला. बाबा असते तर म्हणाले असते, घाई करू नकोस. तेवढ्यात डोळे भरून आले. बंदुकीचा काही दोष नाही."

उर्हो खिडकीपाशी जाऊन उगाच बाहेर बघू लागला. "असू दे, लेम्पी," तो अगदी प्रेमानं म्हणाला. "तुझा शर्ट नाही कापायचा."

मला वाटलं, सुटली बिचारी. पण लेम्पीचा चेहरा असा पडला की मला भडभडून आलं. त्याला कळतच नव्हतं की आपण तिला काय म्हणालो.

तिनं कोट काढून बाबांच्या खाटेवर फेकला आणि भावाकडे पाठ करून उभी राहिली. "पाहुण्यांना सोडतात. मी पाहुणी आहे का? काप."

उर्होनं कात्री उचलली, आणि तशीच धरून राहिला. तिच्या अंगात बाबांचा लाल चौकड्यांचा शर्ट होता. त्याचा मागचा घोळ केव्हाच कापला गेला होता. तो समोरच भिंतीवर टांगलेला होता, धुरानं काळवंडलेला. त्या जागी माझ्या सासूबाईंनी पिठाच्या पोत्याचा पांढरा तुकडा जोडला होता, बारीक टाके घालून.

"हे तर आईचं शिवण," उर्हो म्हणाला.

"आईलाही कधी आणलं नाहीत तुम्ही इथं," लेम्पी म्हणाली. "काप आता. मला थंडी वाजतेय."

उर्होनं टाक्यांच्या कडेकडेनं, एकही टाका न तोडता, तो तुकडा कापला. बाबांच्या तुकड्याचा खिळा उपसला, दोन्ही कापडं एकावर एक धरली आणि एकाच खिळ्यानं ठोकली. मग बाहेर जाऊन सौना पेटवली. तापल्यावर दारातून ओरडला, "लेम्पी, चल, पहिली तू."

आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तिचं अंथरूण घाल शेगडीपाशी."